दुसऱ्या पानावरची ओळ

शमीम,

तुझ्या जागेवर नवी बाई आली आहे. सविता नाव. अक्कलकोटची आहे, बोलता बोलता मध्येच कानडीत जाते, आणि किरणं अडवणारा शिशाचा एप्रन काढला की खुर्चीवर टाकून देते. परवा काही कागद द्यायला तुमच्याकडे गेले तेव्हा पाहिलं. तू असतीस तर पहिल्याच दिवशी तिला उभं करून सांगितलं असतंस, की एप्रनला घडी पडली तर आतलं शिसं तडकतं, मग ते नुसतं ओझं उरतं. मी काही बोलले नाही. मी त्या हॉस्पिटलात नोकरीला नाही.

तू जाऊन चोवीस दिवस झाले. आपल्या टेक्निशियन मंडळींचा छोटा अंक निघतो, त्यात तुझ्यावर चार शब्द लिही म्हणून मला सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी किती वर्षं, ते दुसरं कुणीतरी लिहील. मला ते जमत नाही आणि त्यात मला रसही नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते मला पुरं करायचं आहे. त्यात मी हरले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला शेवटपर्यंत ताटकळायला नको.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. मी सात रस्ता चौकाजवळच्या स्कॅन सेंटरमध्ये सीटीचं मशीन चालवते. तू तिथून दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात, कॅथलॅबमध्ये. म्हणजे जिथं मनगटातून बारीक नळी आत घालून थेट हृदयापर्यंत नेतात. मी बाहेरून चित्र काढायची, तुमच्याकडे आत शिरून काम व्हायचं. तू मला ‘फोटोवाली’ म्हणायचीस. लग्नातल्या फोटोवाल्यासारखं. "तुमचं काय, हलू नका, श्वास धरा, झालं. जेवण आम्हीच वाढायचं."

आपली ओळख भांडणातून झाली, हे तू सगळ्यांना हसत सांगायचीस. मला त्यात हसण्यासारखं कधी वाटलं नाही. नऊ वर्षं झाली असतील. पूर्व भागातल्या नरसम्मा, विडी वळणाऱ्या, छातीत दुखायला लागलं म्हणून तुमच्याकडे आल्या. अँजिओ सुरू झाली आणि उजवी नळी सापडेना. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या महाधमनीच्या बुडाशी, ठरलेल्या जागी निघतात. नरसम्मांची उजवी नळी त्या जागी नव्हतीच. डॉक्टर शोधत राहिले, नळी पडद्यावर दिसावी म्हणून डाय सोडत राहिले, एक कॅथेटर, म्हणजे ती आत घालायची बारीक नळी, काढून दुसरा घालत राहिले. तासभर. मूत्रपिंडं आधीच नाजूक होती, ती त्या डायने बसली. पुढं वर्षभर त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यावं लागलं.

आणि तू त्यांच्या खाटेखालची कापडी पिशवी उघडलीस. त्यात आमच्या सेंटरचा दीड वर्षांपूर्वीचा सीटी रिपोर्ट होता. पहिल्या पानावर, फारसा अडथळा नाही. दुसऱ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत, उजवी नळी डावीकडून निघते आहे. ती ओळ कुणीच वाचलेली नव्हती.

तू तो कागद घेऊन भर उन्हात चालत आमच्याकडे आलीस. काउंटरवर न थांबता आत. "हे तुम्ही काढलंय?" मी म्हणाले, हो, खाली माझी आद्याक्षरं आहेत. "मग दिसलं होतं ना? तोंड का नाही उघडलं?"

मी तुला शांतपणे सांगितलं, की मी टेक्निशियन आहे, रिपोर्ट आमच्या सरांचा, ओळ त्यात आहे, वाचायची जबाबदारी वाचणाऱ्याची.  तू टेबलावरच्या पॅडवर सात रस्ता काढलास, सातही फाटे, आणि एका फाट्यावर काट मारलीस. म्हणालीस, हा रस्ता इथून निघायचा सोडून त्या कोपऱ्यातून निघाला, आणि रिक्षावाल्याला कुणी सांगितलं नाही. तो काय करणार? चौकाला फेऱ्या मारणार. मीटर पेशंटचं पडतं, बाई.

तो कागद मी अजून रुग्णांना समजावून सांगायला वापरते. तुझी अक्षरं वाईट, पण चौक बरोबर काढला होतास.

त्यानंतरची पद्धत तूच पाडलीस. माझ्या पडद्यावर नळीचा उगम वेगळा दिसला, किंवा नळी नको त्या वाटेनं जाताना दिसली, आणि तो पेशंट तुमच्याकडे जायचा असला, की मी तुला फोन करायचा. आधी आमच्या सरांना विचारून घेतलं. ही ओळ पहिल्या पानावर घ्या म्हणून त्यांना दोनदा सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, रिपोर्टची एक रीत असते. फोनला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही. मग फोन. "उद्या सकाळचा, होटगीचा, उजवी डावीकडून." "आलं लक्षात." एवढंच. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. तू लगेच फाइलच्या कोपऱ्यात लिहायचीस, ‘वि. फोन’, म्हणजे विमलचा फोन, आणि पुढं वेळ. मग योग्य आकाराचा कॅथेटर आधीच काढून ठेवायचीस आणि डॉक्टर हात धूत असताना त्यांच्या कानावर घालायचीस. त्यांनाही सवय झाली. सुरू करण्यापूर्वी विचारायचे, फोटोवालीचा फोन आलाय का?

मी ते करत होते, पण मला ते कधी पटलं नव्हतं. हेच आपलं भांडण. दर शुक्रवारी डबा खाताना कुठून तरी तिथंच यायचं. माझं म्हणणं, कागद नीट असला पाहिजे आणि माणसांनी तो वाचला पाहिजे. दोन बायकांच्या फोनवर चालतं त्याला पद्धत म्हणत नाहीत. तू म्हणायचीस, कागद कुणी वाचत नाही गे, माणूस माणसाचं ऐकतं. मी एकदा चिडून म्हणाले होते, "आणि उद्या तू नसलीस तर?" तू शेंगाचटणीत बोट फिरवून चाटत म्हणालीस, "मैं कहाँ जारी? तूच जाशील रिटायर होऊन, नातवंडांचे फोटो काढायला."

ते आता लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण बोललं गेलं होतं, म्हणून लिहिते.

नोव्हेंबरात तुझी पाठ दुखायला लागली. तू म्हणालीस, एप्रनचं वजन. इतकी वर्षं शिसं अंगावर वागवून कुणाची पाठ दुखणार नाही? मग तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डिसेंबरात एका दुपारी तू स्वतःच आलीस आणि म्हणालीस, गर्दी नाही ना, पोटाचा घेऊन टाक. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणली होतीस. नियमाची मी आहे हे तुला माहीत होतं.

मी बावीस वर्षं तोंड कोरं ठेवायला शिकले आहे. काचेपलीकडून पेशंट आमच्याच चेहऱ्याकडे बघत असतो. स्वादुपिंडावर जे होतं ते मला पहिल्या फेरीतच दिसलं. तू टेबलावरून उतरलीस, ओढणी घेतलीस आणि माझ्याकडे बघितलंस. "तुझं तोंड इतकं कोरं कधीच नसतं, विमल. सांग."

मी सांगितलं नाही. सर सांगतील, एवढंच मी म्हणाले. तू मान हलवलीस. तुला कळलंच होतं.

दोन दिवसांनी तू मला एक गोष्ट मागितलीस. तुझ्या लेकीचा, नाझनीनचा, निकाह जानेवारीच्या शेवटी ठरला होता. तोवर नवऱ्याला, सलीमभाईंना, कळू द्यायचं नाही. औषधोपचारही नंतरच सुरू करायचे. केस गेलेल्या आईला बघून पोरीच्या सासरचे काय म्हणतील, हेही तू म्हणालीस. मी म्हणाले, सहा आठवडे फार होतात. तू म्हणालीस, माझे आहेत ते, मी मोजेन.

मी आठ दिवस गप्प बसले. नवव्या दिवशी सलीमभाईंना फोन केला. ते टेम्पोत होते, चादरींचे गठ्ठे घेऊन निघालेले. मी म्हणाले, गाडी बाजूला घ्या. त्यांनी घेतली. मग सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. काउंटरवर न थांबता आत, नऊ वर्षांपूर्वीसारखीच. ओरडली नाहीस. ते तुला जमलंही नसतं तेव्हा. "पेशंटसाठी फोन करताना तुला नियम आठवतो," म्हणालीस. "माझ्या घरी फोन करताना नाही आठवला?"

माझ्याकडे उत्तर होतं. उपचार लांबवून तू मरायला निघाली होतीस आणि ते मला मान्य नव्हतं. पण मी ते म्हणाले नाही. तू गेलीस. शुक्रवारचे डबे बंद झाले. माझा एक डबा तुझ्याकडे राहिला होता, तो मी मागितला नाही.

आता श्रीपूरच्या माणसाबद्दल. नाव लिहीत नाही.

साखर कारखान्यात फिटर. ऐन गाळपाच्या दिवसांत आला होता, कारण झडप इतकी आकसली होती की डॉक्टरांनी हंगाम संपेपर्यंत थांबायला नकार दिला. हृदयाची मोठी झडप बदलायची, त्याआधी नळ्या कशा आहेत ते बघायला सीटी. बायको बरोबर. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, ह्यांना मिलच्या आवाजानं कमी ऐकू येतंय वो. श्वास धरा म्हनलेलं कळायचं न्हाय. आनि लई भ्यालेत." आमच्या खोलीत श्वास धरायची सूचना स्पीकरवरून जाते, ऐकू आली नाही तर सगळं चित्र हललेलं येतं. मग मी त्याला काचेतून माझा हात बघायला शिकवलं. मूठ मिटली की श्वास धरायचा, उघडली की सोडायचा. तीनदा तालीम घेतली. त्यानं चौथ्यांदा इतका नीट धरला, की त्या महिन्यातलं सगळ्यात स्वच्छ चित्र त्याचं आलं.

म्हणून ती नळी दिसली. खरं तर फार बारीक होती. डावीकडची एक शाखा डावीकडून निघायची सोडून उजवीकडून निघाली होती, आणि महाधमनीच्या मागून, झडपेच्या कडेला अगदी चिकटून, वळसा घालून डावीकडं गेली होती. जन्मापासून तशीच असणार. त्याचं काही अडलं नव्हतं. पण नवी झडप बसवताना टाके बरोबर त्याच कडेवर पडतात. सर्जनला माहीत असेल तर तो सांभाळून घेतो. माहीत नसेल तर एखादा टाका त्या नळीला दाबू शकतो, आणि झडप उत्तम बसूनही माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

सरांनी ते लिहिलं. दुसऱ्या पानावर, शेवटच्या परिच्छेदात. संध्याकाळी रिपोर्ट गेला, सीडी गेली. ऑपरेशन एक दिवस सोडून सकाळी होतं. ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, तुमच्याच मजल्यावर, आणि सर्जनला सीडी लावून दाखवायचं काम तुझंच, कारण तो संगणक कॅथलॅबमध्ये.

मी फोन उचलला. तुझे आकडे निम्मे दाबले. आणि ठेवून दिला.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, मराठी शाळेत शिकलेल्यालाही समजेल इतकं स्पष्ट. की हीच वेळ आहे, कागदावर काम चालतं का ते बघायची. दुसऱ्या दिवशीही मी फोन केला नाही. खरं कारण एवढंच होतं, की तीन आठवडे तू माझ्याशी बोलली नव्हतीस, आणि तुझा तो कोरडा ‘आलं लक्षात’ ऐकायची माझी तयारी नव्हती. एका माणसाचा जीव एका बाजूला आणि माझा रुसवा दुसऱ्या बाजूला, असं मी मांडून पाहिलं नाही. मांडलं असतं तर फोन केला असता. म्हणूनच मांडलं नसावं.

निकाहला मी आले. तू हिरव्या साडीत, डोक्यावर नीट ओढलेला पदर. उपचार सुरू झालेले, केस अजून होते. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. जेवायला बसले तेव्हा मात्र तू स्वतः येऊन माझ्या ताटात दालचा-खाना वाढलास, नको म्हणेपर्यंत आणि नंतरही. पुढच्या शुक्रवारी बारा वाजता डबा घेऊन आलीस, जणू मधे काही झालंच नव्हतं. मीही विचारलं नाही. आपण दोघी माफी मागणाऱ्यातल्या नव्हे.

फेब्रुवारीत श्रीपूरची ती बाई सेंटरवर आली. नवऱ्याचं ऑपरेशन नीट झालं होतं, घरी चालत होता. तिनं मला गुळाची ढेप दिली आणि म्हणाली, "डाक्टर म्हनले, ती नस आधी कळली म्हनून बरं. न्हायतर टाका तितंच पडला असता." मी तिला म्हणाले, श्वास त्यांनी नीट धरला, श्रेय त्यांचं. पण मनातून मी फार खूश होते.

त्या शुक्रवारी मी तुला ते ऐकवलं. आठवतं ना? तू कडक भाकरी मोडून दुधात टाकत होतीस, तेवढंच जायचं तुला. मी म्हणाले, बघ. मी फोन केला नव्हता. कुणालाही केला नव्हता. नुसता कागद गेला आणि कागदानं काम केलं. नऊ वर्षं सांगतेय, वाचतात लोक.

तू वाटीतून मान वर केलीस. क्षणभर माझ्याकडे बघितलंस, आणि मग हसायला लागलीस. इतकं हसलीस की खोकला आला, पाणी द्यावं लागलं.

"हौ गे," म्हणालीस. "वाचतात की."

मी समजले, तू हार मानलीस. त्या दिवशी मी गुळातला अर्धा तुला दिला, जिंकणाऱ्यानं द्यावा तसा.

मार्चपर्यंत तू कामावर जात होतीस. नंतरचं मी लिहीत नाही. दर रविवारी मी यायचे, आपण टीव्हीवर काहीतरी बघायचो, तू झोपायचीस, मी सलीमभाईंबरोबर चहा घेऊन निघायचे. शेवटच्या रविवारी तू डोळे न उघडता विचारलंस, उद्या कोण आहे? तुला वाटत होतं तू कामावर आहेस. मी म्हणाले, उद्या कुणी वेगळं नाही, सगळ्यांच्या नळ्या जागच्या जागी. तू म्हणालीस, बरं.

गेल्या आठवड्यात सलीमभाई सेंटरवर आले. ऊन मी म्हणत होतं, तरी चालत. हातात माझा डबा. ते आमच्या काउंटरवर थांबले. तू कधी थांबली नाहीस, ते थांबले. मी त्यांना आत आणलं. डबा उघडला तर साखर. म्हणाले, ती म्हणायची, विमलचा डबा रिकामा द्यायचा नाही.

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. हॉस्पिटलनं तुझं कपाट रिकामं करून सामान घरी दिलं होतं, त्यातल्या कोटाच्या खिशात सापडला. "इंग्लिश आहे," म्हणाले. "खाली तुमची सही आहे, एवढं ओळखलं. विमलबाजी, हा तिचा आहे का? आणखी काही लपवलं होतं का तिनं माझ्यापासून?"

 चार दिवस तो कागद खिशात ठेवून ते फिरत होते, हे त्याच्या घड्यांवरून कळत होतं.

मी उघडला. तुझा नव्हता. श्रीपूरच्या त्या माणसाचा रिपोर्ट, दोन्ही पानांची झेरॉक्स. दुसऱ्या पानावर शेवटच्या परिच्छेदाभोवती लाल पेनचा गोल. आणि कोपऱ्यात तुझं ते वाईट अक्षर.

‘वि. फोन नाही.’

त्याच्याखाली, ‘ओटीत सांगितलं. सीडी लावून दाखवली. ७.४०.’

मी सलीमभाईंना सांगितलं, की हा तिचा नाही, तिच्या एका पेशंटचा आहे, आणि तो माणूस जिवंत आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले.  मग, पाणी पिता पिता, सहज म्हणाले, की त्या डिसेंबर-जानेवारीत ती घरातून तासभर लवकर निघायची. इंजेक्शनं सुरू झालेली, उभं राहवत नव्हतं, तरी. मी रागवायचो. तर म्हणायची, सध्या सगळं वाचावं लागतं मला.

सगळं. शमीम, मी पाच-सहा आठवडे फोन केला नाही. कुणाची नळी वेगळी आणि कुणाची नाही, हे तुला कळायला मार्ग नव्हता. म्हणून तू प्रत्येकाचा रिपोर्ट वाचलास, शेवटच्या ओळीपर्यंत. तासभर लवकर येऊन, तसल्या अंगानं. मला एक फोन करून ‘कुणी आहे का’ विचारलं असतंस तर पाच सेकंदांचं काम होतं. तूही निम्मे आकडे दाबून फोन ठेवून दिला असशील. पण तू दुसऱ्या बाजूनं भरून काढलंस. मी काढलं नाही.

आणि मग मी तुझ्यासमोर बसून तुला ऐकवलं, की लोक वाचतात. तू एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला जिंकू दिलंस. गूळसुद्धा घेतलास.

हा कागद तू का ठेवलास, मला माहीत नाही. कधीतरी माझ्या तोंडावर मारायला ठेवला असशील, आणि राहून गेलं असेल. पेशंटचा कागद हॉस्पिटलबाहेर नेणं नियमात बसत नाही, हे तुला माहीत होतं. मी कात्रीनं वरची नावाची पट्टी कापली, तिचे बारीक तुकडे केले आणि टाकून दिले. बाकीचा कागद माझ्या खणात आहे, सात रस्त्याच्या चित्राखाली.

सलीमभाईंना निरोप देताना मी विचारलं, मी तेव्हा तुम्हाला फोन केला, त्याबद्दल ती शेवटपर्यंत रागावली होती का? ते म्हणाले, "रागावली होती. पण ते महिने मला मिळाले, बाजी. नाहीतर मी त्या महिन्यांत चादरीच पोचवत बसलो असतो." या फोनबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. आज तीच वेळ आली तर तोच फोन करीन. दुसरा फोन, जो केला नाही, त्याबद्दल मागते. ही घे. याहून मोठी मला येत नाही.

पण भांडणातला माझा एक मुद्दा अजून उभा आहे, आणि तो तुला ऐकावा लागेल. मी विचारलं होतं, उद्या तू नसलीस तर? तर तू नाहीस. म्हणून मी सात रस्त्यावर जाऊन रबरी शिक्का करून आणला. ‘नळीचा उगम किंवा मार्ग वेगळा. दुसरे पान वाचावे.’ लाल शाई. आता असं काही दिसलं की पहिल्या पानाच्या माथ्यावर मी तो उमटवते. सरांनी पहिला शिक्का पाहिला, चष्मा कपाळावर नेला, म्हणाले, रिपोर्टची एक रीत असते. मी म्हणाले, हो सर. आणि पुढच्या रिपोर्टवर मारला. 

मंगळवारी एक बाई आल्या, उजवी नळी डावीकडून, नरसम्मांसारखीच. बुधवारी सकाळी तुमच्याकडे अँजिओ. सरांची सही झाली, शिक्का मारला, रिपोर्ट गेला. माझं काम कागदावर पूर्ण झालं होतं. मी पर्स उचलली, दिवा बंद केला, आणि परत येऊन फोन लावला. कॅथलॅबच्या फोनचे आकडे अजून तुझेच आहेत.

सविता म्हणाली, हो मॅडम, रिपोर्ट आलाय, शिक्का पाहिला, सकाळी बघते.

मी म्हणाले, सकाळी नको. आत्ता उघड. दुसरं पान. मी थांबते.

ती म्हणाली, धरता फोन?

धरते म्हणाले. आणि पलीकडं पान उलटल्याचा आवाज येईपर्यंत अंधारात तशीच उभी राहिले.